फौजी फुटबॉल सरांचा स्मृतिफलक आणि स्मरणिका: नोंदी कशा तपासायच्या, सराव कसा लिहून ठेवायचा?

पूर्णाकाठ

राम राम मंडळी. परभणी-हिंगोली पट्ट्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात चाळीसेक वर्षं पोरांना फुटबॉल शिकवणारे सर गेल्या जूनच्या शेवटी गेले. सगळं गाव त्यांना फौजी सर म्हणायचं. मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन आले आणि शाळेमागच्या काळ्या रानात रोज पहाटे पोरं गोळा करायला लागले. त्यांच्या हाताखालची पोरं आज सैन्यात, पोलिसात, रेल्वेत आहेत. एकाही पोराकडून त्यांनी फी घेतली नाही.

आम्ही माजी खेळाडूंनी तीन गोष्टी ठरवल्यात. मैदानाच्या फाटकापाशी ग्रॅनाइटचा फलक, चाळीसेक पानांची स्मरणिका आणि वर्षश्राद्धाच्या सुमारास एक स्मृती स्पर्धा. फलकाचा मजकूर लिहायला बसलो तिथंच अडकलो. ज्याला विचारावं तो वेगळं सांगतो. कुणी म्हणतं, १९६५ आणि १९७१ या दोन्ही युद्धांत शौर्यपदक मिळालं. कुणी म्हणतं, सर्व्हिसेसनं (सैन्यदलांचा संघ) संतोष ट्रॉफी ही राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा जिंकली त्या संघात सर होते. कुणी म्हणतं, ते हैदराबादचे फुटबॉल प्रशिक्षक रहीम साहेब यांचे शिष्य. शाळेत असताना हिंगोली जिल्हा संघातून खेळले असंही एका जुन्या भाषणाच्या कागदावर आहे.

हाताशी असलेला ऐवज एवढाच: कापडात बांधलेली पाच पदकं, डिस्चार्ज बुक (पहिली पानं वाळवीनं खाल्ली आहेत, भरती ऑगस्ट १९६३ आणि सेवामुक्ती १९८० एवढं वाचता येतं), एनआयएसचं (पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था) एक प्रमाणपत्र, साठ-सत्तर फोटो आणि सरावाच्या दोन वह्या. काकू आहेत, त्यांचं पेन्शन चालू आहे. दगडावर एकदा कोरलं की खोडता येत नाही. खोटं काही जाऊ नये आणि खरं काही राहू नये, एवढीच इच्छा. जाणकारांनी सांगावं.

जुनी पलटण

सरांना सलाम. आधी पदकांकडे या.

पहिली गोष्ट, ती घासू नका. चिंच, लिंबू, पितांबरी, ब्रासो, काहीही लावायचं नाही. सेवेतल्या पदकांच्या कडेवर बहुधा सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि युनिट ठोकलेलं असतं. ही अक्षरं उथळ असतात आणि दोन-चार वेळा घासलं की जातात. बॅटरी तिरकी धरून भिंगातून वाचा. नाहीच लागलं तर कडेवर पातळ कागद धरून वरून मऊ पेन्सिल फिरवा, अक्षरं कागदावर उमटतात. पाच पदकांवर हुद्दा वेगवेगळा निघाला तर घाबरू नका. पदक दिलं त्या वेळचा हुद्दा असतो, म्हणून एकावर शिपाई आणि दुसऱ्यावर नाईक दिसू शकतं. नंबर मात्र सगळ्यांवर एकच हवा. वेगळा निघाला तर ते पदक दुसऱ्या कुणाचं तरी आहे.

आता शौर्यपदकाचं. १९६३ ते १९८० अशी सेवा असलेल्या जवानाकडे सहसा काय असतं ते पाहा. १९६५ साठी रक्षा मेडल, आणि प्रत्यक्ष मोहिमेच्या क्षेत्रात असेल तर समर सेवा स्टार. १९७१ साठी संग्राम मेडल, आणि आघाडीप्रमाणे पूर्वी स्टार किंवा पश्चिमी स्टार. १५ ऑगस्ट १९७२ ला सेवेत होते म्हणून स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं पदक. नऊ वर्षं पूर्ण झाली म्हणून दीर्घ सेवा पदक. तुमच्या पाचपैकी बहुतेक यांतलीच निघतील. ही मोहिमेची आणि सेवेची पदकं आहेत, शौर्यपदकं नव्हेत. त्यानं मान कमी होत नाही. दोन युद्धं पाहिलेला माणूस तो. पण फलकावर ‘शौर्यपदक विजेते’ लिहिलं आणि उद्या एखादा माजी सैनिक फाटकापाशी थांबून वाचायला लागला, तर पहिली शंका त्यालाच येईल.

सगळ्यात जास्त घोळ एका जोडीत होतो: सेना मेडल आणि सैन्य सेवा मेडल. सेना मेडल शौर्यासाठी किंवा विशेष कर्तव्यनिष्ठेसाठी एकेका व्यक्तीला मिळतं आणि त्याची नोंद भारताच्या राजपत्रात येते. सैन्य सेवा मेडल ठरावीक भागात सेवा केल्याबद्दल मिळतं, आणि फितीवरच्या पट्टीवर त्या भागाचं नाव असतं, उदाहरणार्थ जम्मू-काश्मीर, नेफा (आताचा अरुणाचल) किंवा हिमालय. नावं सारखी वाटतात म्हणून घरचे लोक सहज ‘सेना पदक’ म्हणून मोकळे होतात. आणखी एक बारीक खूण बघा. एखाद्या फितीवर कमळाच्या पानाचं छोटं धातूचं चिन्ह टोचलेलं असेल तर तो ‘मेन्शन इन डिस्पॅचेस’, म्हणजे युद्धाच्या अहवालात नावानिशी उल्लेख असतो. तो खरोखर मोठा मान आहे आणि तोच नेमका लोकांच्या नजरेतून सुटतो.

खात्रीचा कागद रेकॉर्ड ऑफिसमधून येतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. अर्ज संस्थेच्या लेटरहेडवर करू नका, काकूंच्या सहीनं करा. तिऱ्हाइताला वैयक्तिक नोंदी देत नाहीत, माहिती अधिकारातही हाच आडकाठीचा मुद्दा येतो. अर्जात सैन्य क्रमांक, हुद्दा, नाव, भरती-सेवामुक्तीची तारीख, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) क्रमांक लिहा आणि सोबत डिस्चार्ज बुकच्या उरलेल्या पानांची, मृत्यू प्रमाणपत्राची आणि काकूंच्या ओळखपत्राची प्रत जोडा. सैन्य क्रमांक वाळवीनं खाल्ला असेल तर तो पीपीओवर सापडेल. पीपीओची प्रत पेन्शन जमा होणाऱ्या बँकेत किंवा ‘स्पर्श’ या सैन्याच्या पेन्शन पोर्टलवरच्या खात्यावर मिळते. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवा, त्यांच्या आवक-जावक नोंदीमुळे पाठपुरावा सोपा जातो. नुसतं ‘सेवेची माहिती द्यावी’ असं लिहिलं तर दोन ओळींचं उत्तर येतं. बढत्यांच्या तारखा, कोणकोणत्या बटालियनमध्ये सेवा, मंजूर झालेली पदकं आणि निवृत्तीनंतर मानद नायब सुभेदार हुद्दा दिला होता का, हे चार प्रश्न वेगवेगळे विचारा. उत्तराला महिने लागू शकतात. तोवर ग्रॅनाइटला हात लावू नका.

नाव लिहिताना ‘निवृत्त हवालदार अमुक’ नको, ‘हवालदार अमुक (निवृत्त)’ असं लिहा. हुद्दा निवृत्त होत नाही, माणूस सेवेतून निवृत्त होतो. आणि घरी, वयानं गेलेल्या माणसाला फलकावर शहीद म्हणू नका. शब्द मोठा आहे, त्याची जागा वेगळी आहे.

नोंदवही

पलटण दादांनी सैन्याचं सांगितलं, मी खेळाच्या दाव्यांचं बघतो. तीन दावे तर कॅलेंडर समोर धरलं की निकालात निघतात.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला झाला. त्याआधी तो भाग परभणी जिल्ह्यात होता. म्हणजे १९६३ च्या आधी शाळेत असताना ‘हिंगोली जिल्हा संघ’ असूच शकत नाही. परभणी जिल्हा संघ असेल किंवा हिंगोली तालुक्याचा. भाषण लिहिणाऱ्यानं आजचं नाव मागं नेलं, एवढंच झालंय. मराठवाड्यात ही चूक सर्रास होते. जालना जिल्हा १९८१ चा, लातूर १९८२ चा. त्याआधीच्या प्रमाणपत्रांवर बहुधा औरंगाबाद आणि उस्मानाबाद ही जिल्ह्यांची नावं असणार. १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत तर आपण हैदराबाद राज्यात होतो. विद्यापीठाचंही तसंच. १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्ताराआधीच्या कागदावर नुसतं ‘मराठवाडा विद्यापीठ’ असतं. माझं मत असं की कागदावर जे आहे ते तसंच छापावं आणि कंसात ‘आताचा अमुक जिल्हा’ लिहावं. कागदावरचं नाव बदलून छापलं की पुढच्या माणसाला तपासायला धागाच उरत नाही.

संतोष ट्रॉफी. सर्व्हिसेसनं ती पहिल्यांदा १९६०-६१ च्या हंगामात जिंकली, त्यानंतर थेट २०११-१२ मध्ये. सर भरती झाले १९६३ ला, सेवामुक्त झाले १९८० ला. या सतरा वर्षांत सर्व्हिसेस विजेते नव्हतेच. म्हणून ‘विजेत्या संघात’ हे शब्द काढा. संघात होते का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो खुला ठेवा. सैन्यातला खेळ पायऱ्यांनी वर जातो: कंपनी, बटालियन, ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, कमांड आणि सगळ्यात वर सर्व्हिसेस. कमांडच्या संघात खेळणं ही फार मोठी मजल असते. पण गावाकडं येईपर्यंत त्याचं ‘नॅशनल’ होतं. प्रमाणपत्रावर किंवा फोटोखालच्या ओळीत कोणती पायरी लिहिली आहे ते बघा आणि तीच लिहा.

रहीम साहेबांचं मात्र नीट समजून घेण्यासारखं आहे. सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे. पेशानं शिक्षक, हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक, आणि १९५० पासून मृत्यूपर्यंत भारतीय फुटबॉलचा मुख्य आधार. १९५१ च्या दिल्ली एशियाडचं सुवर्ण, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधलं चौथं स्थान आणि १९६२ च्या जाकार्ता एशियाडचं सुवर्ण त्यांच्याच हाताखाली आलं. सिटी पोलिसांनी १९५० ते ५४ असा सलग पाच वेळा मुंबईचा रोव्हर्स कप नेला तोही त्यांच्याच काळात. जाकार्ताच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध २-१ नं जिंकलो तेव्हा ते कर्करोगानं आजारी होते. ११ जून १९६३ ला ते गेले.

आता तारखा शेजारी शेजारी ठेवा. रहीम साहेब गेले जून १९६३ मध्ये आणि तुमचे सर भरती झाले त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये. सैन्यात गेल्यावर त्यांच्याकडे शिकले हे शक्य नाही. भरतीआधी शाळकरी वयात सर हैदराबादला राहिले होते का ते काकूंना विचारा. नसतील तर ‘शिष्य’ हा शब्द सोडा. पण लोक म्हणतात त्यात काहीतरी असणार. वह्या उघडा. रहीम साहेब पोरांसाठी दोन प्रकारच्या स्पर्धा घ्यायचे म्हणून प्रसिद्ध होते. एका प्रकारात फक्त कमजोर पायानं खेळायचं, दुसऱ्यात ड्रिबलिंग बंद. वहीत असं काही सापडलं तर ‘रहीम साहेबांच्या पद्धतीनं शिकवणारे’ असं लिहिता येईल. ते खरंही ठरेल आणि शिष्य म्हणण्याहून जास्त काही सांगेलही.

एनआयएसच्या प्रमाणपत्रावर कालावधी बघा. पतियाळाची पूर्ण पदविका वेगळी आणि सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स वेगळा. फलकावर दोन्हीचं ‘एनआयएस कोच’ होतं. सहा आठवड्यांचा असेल तर तसंच लिहा. सैन्यातून आलेल्या माणसानं निवृत्तीनंतर परत शिकायला जाणं हीच नोंद पुरेशी मोलाची आहे.

जन्मतारीख १ जून असेल तर ती बहुधा गुरुजींनी शाळेत घातलेली. घरात दुसरी तिथी सांगत असतील तरी फलकावर फक्त वर्ष टाका.

पूर्णाकाठ

खूप आभार दोघांचे. पदकांच्या कडा वाचल्या. पाचही पदकांवर नंबर एकच आहे, दोनांवर शिपाई आणि तीनांवर नाईक. एकावर पश्चिमी स्टार स्पष्ट आहे. कमळाचं पान कुठंच नाही. काकू म्हणाल्या, भरतीआधी सर कधी हैदराबादला राहिले नव्हते, पण नोकरीत काही वर्षं सिकंदराबादला होते.

आणि वहीत खरंच सापडलं! एका पानावर ‘रहीम साहब: कमज़ोर पाँव’ आणि खाली ‘५+५, ४०×२५, ४ मि. × ४’. दुसऱ्या पानावर ‘५+२, १०×१०, ३ मि., २ ट.’ अशा चाळीसेक नोंदी आहेत. सोबत त्रिकोण, गोल, तुटक रेघा. स्मरणिकेत हे फोटो काढून छापावं की उलगडून लिहावं?

डावा पाय

उलगडून लिहा, ताई. मूळ पानाचा फोटो शेजारी ठेवाच, पण नुसता फोटो छापला तर दहा वर्षांनी तो कुणालाच वाचता येणार नाही.

आधी मापाचं कोडं सोडवा. ४०×२५ हे मीटर आहेत असं धरू नका. पोरांच्या पाच विरुद्ध पाचच्या सरावाला चाळीस मीटर लांबी जरा जास्त वाटते. फौजी माणूस मैदान पावलांनी मोजतो आणि कवायतीचं पाऊल तीस इंचांचं, म्हणजे साधारण ७६ सेंटीमीटर. त्या हिशेबानं ४० पावलं म्हणजे ३० मीटर आणि २५ पावलं म्हणजे १९ मीटर. हे माप पाच-पाचच्या खेळाला बरोबर बसतं. १०×१० म्हणजे साडेसात मीटरचा चौकोन. पडताळा घ्यायचा असेल तर वहीत मैदानावरच्या एखाद्या कायमच्या खुणेचं अंतर लिहिलंय का बघा, झाड ते झाड, भिंत ते हापसा. टेप लावून मोजलं की सगळ्या वहीचा हिशेब एका झटक्यात लागेल.

‘५+२’ म्हणजे पाच जण कडेला आणि दोघं मध्ये. कडेचे पास करत राहतात, मधले हिसकावतात. ‘२ ट.’ म्हणजे दोनच टच. ज्याचा पास तुटला तो मध्ये जातो. साडेसात मीटरचा चौकोन चौदा-पंधरा वर्षांच्या सरावलेल्या पोरांसाठी आहे. दहा-अकरा वर्षांच्या पोरांना तेवढ्यात खेळवलं तर तीन पाससुद्धा होत नाहीत आणि पोरं वैतागतात. त्यांना दहा मीटर द्या आणि मध्ये एकच जण ठेवा. इथं हमखास चुकतं ते असं: पास देऊन पोरगं जागेवर उभं राहतं. मधल्या दोघांच्या आड सापडलं की त्याला पास मिळतच नाही. म्हणून पास दिला की कडेकडेनं दोन पावलं सरकायचं, हा नियम पहिल्या दिवसापासून घाला.

कमजोर पायाचा खेळ हा सरांच्या वहीतला सगळ्यात मोलाचा भाग आहे, त्याला दोन पानं द्या. पाच-पाच खेळाडू, ३०×१९ मीटर, चार मिनिटांचे चार डाव, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. चांगल्या पायाच्या पोटरीला रुमाल बांधायचा. त्या पायानं चेंडू खेळला की चेंडू समोरच्या संघाकडे. ऐकायला सोपं वाटतं, पण सुरुवातीलाच खेळ लावला तर फसतं. पोरं चेंडूभोवती अख्खी वळून उभी राहतात, नाहीतर अंगठ्यानं ढकलतात. कारण असं की कमजोर पायानं मारताना खरी अडचण त्या पायात नसते, टेकलेल्या पायात असते. उजव्या पायाच्या पोराला डाव्या पायानं मारताना उजवा पाय टेकायची सवयच नसते. तो चेंडूच्या मागं राहतो, अंग मागं झुकतं आणि चेंडू वर उडतो.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी भिंतीसमोर चार मीटरवर उभं राहून थांबलेला चेंडू, कमजोर पायाच्या आतल्या बाजूनं, पन्नास वेळा. टेकलेला पाय चेंडूच्या शेजारी वीतभर अंतरावर, बोटं भिंतीकडे, घोटा ताठ. मग भिंतीवरून परत येणारा चेंडू न थांबवता पन्नास वेळा. मग दोघांत पाच मीटरवर, मग आठवर. हे आठवडा-दोन आठवडे झालं की खेळ. ड्रिबलिंग बंदचा खेळही असाच पायरीनं, आधी तीन टच, मग दोन. एक टच मात्र खडबडीत मैदानावर नको. चेंडू उसळतो, पोरं घाबरून नुसती ठोकत सुटतात आणि ज्या सवयीसाठी खेळ होता तिचीच वाट लागते.

प्रत्येक सरावासाठी लिहिताना हे सुटू देऊ नका: सर त्याला काय म्हणायचे, कोणत्या वयाला, किती पोरं, किती चेंडू, माप पावलांत आणि मीटरमध्ये, किती मिनिटं, किती विश्रांती, नियम, आणि सर स्वतः कुठं उभे राहायचे. शेवटचं कुणी लिहीत नाही. कोच कोपऱ्यात उभा आहे की मध्ये, यावरून तो काय बघत होता ते कळतं. सर ज्या हाका मारायचे त्या जशाच्या तशा, हिंदीत असतील तर हिंदीत.

माहिती गोळा करताना सगळ्यांना एकत्र बसवू नका. एक जण बोलतो आणि बाकीचे माना हलवतात. १९८५ च्या आसपासचा एक, २००० चा एक आणि अलीकडचा एक, असे तिघं वेगवेगळे गाठा आणि एकाच सरावाबद्दल विचारा. जिथं तिघांचं जुळतं ते पक्कं. जिथं जुळत नाही तिथं सरांनी पद्धत बदलली असू शकते, आणि तो बदल लिहिणं जास्त महत्त्वाचं आहे. मग लिहिलेला कागद अशा माणसाच्या हातात द्या ज्यानं सरांचा सराव कधी पाहिला नाही, आणि दहा पोरं घेऊन तो करायला सांगा. तो जिथं थांबून विचारेल तिथं तुमचं लिखाण अपुरं आहे.

काही गोष्टींखाली मात्र टीप लागेल. जुन्या फौजी पद्धतीत सरावात पाणी प्यायला मनाई असायची, शिक्षा म्हणून फेऱ्या असायच्या, लहान पोरांनाही लांब धावायला लावायचे. वहीत तसं असेल तर झाकू नका, त्या काळी तेच शिकवलं जायचं. पण खाली स्पष्ट लिहा की आता हे करू नये. दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी. फेऱ्या ही शिक्षा नको, नाहीतर पोरांना धावण्याचाच राग येतो. बारा वर्षांखालच्या पोरांना हेडिंगचा सराव नको, इंग्लंड-अमेरिकेतही लहान वयोगटांत ते बंद केलंय.

गोलकीपर १

डावा पाय यांचं बाकी सगळं मान्य, पण टिपा मूळ मजकुरात मिसळू नका. सरांचं लिखाण एका अक्षरात, तुमच्या टिपा वेगळ्या, बारीक अक्षरात. नाहीतर पुढं सरांचं कुठलं आणि संपादकाचं कुठलं हे कळेनासं होतं.

फोटोंबद्दल थोडं. मोबाइलनं फोटोचा फोटो काढू नका, काचेची चमक येते आणि कडा वाकड्या होतात. स्कॅनरवर ६०० डीपीआयनं घ्या. अल्बमला चिकटलेला फोटो ओढू नका, पानासकट स्कॅन करा. नावं मागच्या बाजूला मऊ पेन्सिलनं, बॉलपेननं नाही, आणि ‘उभे, डावीकडून’ अशी. साल माहीत नसेल तर चेंडू बघा. लेस बांधलेला चेंडू असेल तर फोटो जुना. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा असेल तर बहुधा १९७० च्या वर्ल्डकपनंतरचा. गणवेशातला फोटो असेल तर छातीवरच्या फिती मोजा. १९७२ चं पदक लागलेलं असेल तर फोटो त्याआधीचा नाही.

मुरूम-फक्की

स्पर्धेचं बोलतो. वर्षश्राद्ध जूनच्या शेवटी येतं, म्हणजे ऐन मृगानंतर. काळ्या मातीवर तेव्हा स्पर्धा घेऊ नका. ही माती पाणी पिऊन फुगते, बुटाच्या तळाला लोंबते, पाय उचलत नाही. मे महिन्यातही नको, तेव्हा तीच माती आकसून तिला बोटभर भेगा पडतात आणि घोटे मुरगळतात, वर बेचाळीस अंशांचं ऊन. वर्षश्राद्धाला फलकापाशी हार घाला आणि स्पर्धा ७ डिसेंबरच्या आसपासच्या शनिवार-रविवारी ठेवा. तो सशस्त्र सेना ध्वज दिन आहे. निधीचा डबा ठेवायचा तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला आधी कळवून ठेवा.

सात-सातची स्पर्धा, ६०×४० मीटरचं मैदान पुरेल. अख्ख्या मैदानावर दोन इंच मुरूम टाकायचा विचार करू नका. हिशेब केला तर दाबून १२० घनमीटर होतो, म्हणजे सुटा पन्नास-पंचावन्न ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). एवढा पैसा फलकाला आणि पुस्तकाला लावा. फक्त दोन्ही गोलसमोरचे १२×६ मीटरचे तुकडे आणि मधला १०×१० चा तुकडा करा, सहा ब्रासमध्ये होईल. मुरूम चाळून घ्या, बोराएवढाही खडा राहता कामा नये. बाकी मैदानातल्या भेगा त्याच मातीच्या चुऱ्यानं भरा. आधी आठवडाभर पाणी मारून मग रोलर फिरवा. ओल किती हवी? मूठभर माती दाबली की लाडू व्हावा आणि बोट टोचलं की फुटावा. लाडू फुटत नसेल तर ओल जास्त आहे. रोलरला माती चिकटून पापुद्रे निघतील, एक दिवस थांबा.

आखणीला कोपरा काटकोनात आहे का ते ३-४-५ मीटरच्या दोरीनं बघा. शेवटी कर्ण मोजा, ६०×४० ला दोन्ही कर्ण ७२.११ मीटर यायला हवेत. रेघा मारायची फक्की दगडाच्या भुकटीचीच घ्या. चुना अजिबात नको, पडलेल्या पोराच्या डोळ्यात गेला तर डोळा भाजतो. हलवता येणारे गोल असतील तर मागच्या दांडीवर वाळूची पोती टाका आणि पोरांना आडव्या दांडीला लोंबकळू देऊ नका. गोल अंगावर पडून पोरं दगावतात. आदल्या दिवशी चार जणांना वेड्या बाभळीचे काटे वेचायला लावा. चेंडू बहुतेक काट्यानंच जातात. रबरी मोल्डेड चेंडू अशा मैदानावर शिवलेल्यापेक्षा जास्त टिकतो. हवा खालच्या मर्यादेला, ९ पीएसआयच्या आसपास ठेवा, म्हणजे कमी उसळतो.

आठ संघ, चार-चारचे दोन गट धरले तर साखळीचे १२ सामने, दोन उपांत्य आणि एक अंतिम असे १५ होतात. पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन अर्ध, मध्ये पाच आणि सामन्यांमध्ये दहा मिनिटं धरली तर एका सामन्याला ४५ मिनिटं. नुसत्या साखळीलाच नऊ तास. एका दिवसात बसवायचा हट्ट केला की अंतिम सामना अंधारात होतो. दोन दिवस घ्या. आणि जमलं तर रविवारी सकाळी दहा वर्षांखालच्या पोरांचा एक सामना फक्त कमजोर पायाचा ठेवा, रुमाल बांधून, सरांच्या वहीतल्या नियमानं.

पूर्णाकाठ

काकूंच्या सहीचा अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दिला, पोच मिळाली. स्पर्धा डिसेंबरात नेली. वहीत ‘हापसा ते लिंब ६२’ अशी नोंद निघाली. दोन्ही अजून जागेवर आहेत. टेप लावली, ४७ मीटर भरलं. म्हणजे पावलंच.

फलकाचा कच्चा मजकूर असा केलाय, रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर येईपर्यंत रिकाम्या जागा रिकाम्याच:

हवालदार ________ (निवृत्त)
मराठा लाइट इन्फंट्री, १९६३–१९८०
पश्चिमी स्टार, ________
यांनी या मैदानावर चाळीस वर्षं विनामूल्य फुटबॉल शिकवला.
पोरांना दोन्ही पायांनी खेळायला लावलं.

जुनी पलटण

बाकी सगळं ठीक. तिसऱ्या ओळीत एकच पदक आणि पुढं जागा, असं नको. उत्तर आलं की पाचही पदकं फितींच्या क्रमानं लिहा, नाहीतर पदकांची ओळच काढा. शेवटच्या दोन ओळींना हात लावू नका.